कंपाकडे वळणारा मासा

काचेचं एक गोल भांडं. व्यास १० सेंटिमीटर, उंची ५. त्यात पाणी, पाण्यात एकच मासा, आणि वरून पाण्यात जेमतेम बुडेल इतका उतरवलेला काचेचा दांडा. दांड्याचं वरचं टोक एका लाउडस्पीकरला चिकटवलेलं. खोलीत मिट्ट काळोख. फक्त अवरक्त दिवा आणि त्याच प्रकाशात पाहू शकणारा कॅमेरा. स्पीकरला विजेचा संदेश दिला की दांडा वर-खाली थरथरू लागतो, सेकंदाला ३५ वेळा. ३ मिनिटं चित्रीकरण करायचं आणि नंतर मोजायचं, की मासा दांड्याजवळ, साधारण दीड सेंटिमीटरच्या आत, किती वेळा आला.

प्रयोग एवढाच. मासातो योशिझावा, विल्यम जेफरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या मेरिलँड विद्यापीठात तो केला आणि २०१० साली ‘करंट बायॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. मासा मेक्सिकोतल्या गुहांमधला, डोळे नसलेला. दांडा हलू लागला की तो त्याच्याकडे येतो, भोवती घिरट्या घालतो, टोचून पाहतो, पुन्हा येतो. त्याच जातीचा, पण नदीत राहणारा, डोळस मासा अशाच भांड्यात ठेवला तर बहुतेक वेळा दांड्याकडे फिरकत नाही.

माझा नोकरीचा सगळा काळ कंप मोजण्यात गेला. कारखान्यातल्या मोटारी, पंप, ब्लोअर यांच्या बेअरिंगवर मीटरचा प्रोब टेकवायचा, आकडा घ्यायचा, मागच्या महिन्याच्या आकड्याशी ताडून पाहायचा. आमच्या दृष्टीने कंप म्हणजे काहीतरी बिघडल्याची खूण. रोटरचा तोल गेलाय, कपलिंग सरळ रेषेत नाही, फाउंडेशनचा बोल्ट सैल झालाय. आकडा खाली आणायचा, हेच आमचं काम. त्यामुळे ३५ हर्ट्झ वाचल्यावर माझ्या डोक्यात आपोआप गुणाकार झाला: मिनिटाला २१०० फेरे. पट्ट्यावर चालणारा एखादा पंखा साधारण या वेगाने फिरतो. त्या पंख्याच्या थरथरीकडे ओढीने जाणारा जीव असू शकतो, हे मला फार मोठं वाटलं. आजही वाटतं.

या माशाचं शास्त्रीय नाव अस्टियानॅक्स मेक्सिकानस. १९३६ साली साल्वादोर कोरोनादो यांना तो मेक्सिकोच्या सान लुईस पोतोसी राज्यातल्या ला कुएवा चिका या गुहेत सापडला. काही मासे टेक्ससमधल्या शोभेच्या माशांच्या एका व्यापाऱ्याकडे पोचले आणि त्याच वर्षी कार्ल हब्ज आणि विल्यम इन्स यांनी त्यांचं वर्णन प्रसिद्ध केलं. डोळे नाहीत, अंगावर रंग नाही, म्हणून त्यांनी तो अगदी वेगळ्या प्रजातीत घातला. पुढे दिसलं की जवळच्या नदीतल्या डोळस, चंदेरी माशाशी याचा संकर होतो, पिल्लं धडधाकट होतात आणि त्यांनाही पिल्लं होतात. दोघे एकाच जातीचे ठरले. सिएरा दे एल आब्रा आणि आसपासच्या चुनखडीच्या डोंगररांगांत अशा सुमारे ३० गुहा आता माहीत आहेत. डोंगर पोखरत गेलेल्या पाण्याबरोबर नदीतले मासे आत गेले, अडकले आणि तिथेच त्यांच्या पिढ्या झाल्या. काही गुहांमधल्या माशांनी तर डोळे एकमेकांपासून स्वतंत्रपणे गमावले.

माणसाने मागणी केली असती तर याहून चांगला जोड मिळाला नसता. एकच जात, दोन घरं. आतला आणि बाहेरचा यांत जो काही फरक दिसेल तो घरामुळे पडला, असं बऱ्याच खात्रीने म्हणता येतं. आणि दोघांचा संकर होत असल्यामुळे तो फरक पुढच्या पिढ्यांत कसा वाटला जातो तेही पाहता येतं. दांड्याचा प्रयोग या जोडीमुळेच इतका बोलका झाला.

माशाला कंप कळतो तो त्याच्या अंगावरच्या इंद्रियांमुळे. कल्ल्यापासून शेपटीपर्यंत गेलेली एक पुसटशी रेघ बाजारातल्या बांगड्यावरही दिसते. ती पार्श्वरेखा. तिच्यात आणि डोक्यावर न्यूरोमास्ट नावाची सूक्ष्म इंद्रियं असतात: केसांसारखे तंतू असलेल्या पेशींचा झुपका आणि त्यावर जेलीची टोपी. पाणी हललं की टोपी कलते, केस वाकतात, मज्जातंतूतून संदेश जातो. आपल्या कानाच्या आतल्या गाभ्यात आवाज आणि तोल सांभाळणाऱ्या पेशी याच घराण्यातल्या.

ही इंद्रियं दोन ठिकाणी असतात. काही त्वचेखालच्या नळ्यांमध्ये, काही उघड्यावर, थेट त्वचेच्या पृष्ठभागावर. नळीतली इंद्रियं पाण्याच्या त्वरणाला प्रतिसाद देतात, उघड्यावरची वेगाला. हे वाक्य मी वाचलं तेव्हा बराच वेळ पुढे गेलो नाही. कंप मोजताना आमच्याही हाती नेमके हेच पर्याय असतात. बेअरिंगच्या गोळ्यांवर चरा पडला असेल तर तो फार वेगाने थरथरतो. तिथे त्वरण मोजायचं. रोटरचा तोल गेला असेल तर थरथर संथ, वेगाने चांगली पकडली जाणारी. तिथे मिलिमीटर प्रतिसेकंद. कुठला मापक कुठे लावायचा हे शिकण्यात उमेदवारीचा काळ जातो. माशाच्या अंगावर दोन्ही मापक आधीच बसवलेले आहेत, शेकड्यांनी, डोक्यापासून शेपटीपर्यंत.

गुहेतल्या माशाकडे उघड्यावरचे न्यूरोमास्ट नदीतल्या माशापेक्षा संख्येने जास्त आणि आकाराने मोठे. चमकणारा रंग पाण्यात मिसळून मासा त्यात थोडा वेळ ठेवला की ते सूक्ष्मदर्शकाखाली उजळ ठिपक्यांसारखे दिसतात आणि मोजता येतात. म्हणजे मोजण्या दोन झाल्या: एक ठिपक्यांची, एक दांड्याजवळच्या फेऱ्यांची. ठिपके जास्त तर फेऱ्याही जास्त, असं आढळलं. दांड्याची वारंवारता बदलून पाहिली, तेव्हा मासे सगळ्या कंपांकडे सारखे वळत नाहीत असं दिसलं. १० ते ५० हर्ट्झ हा त्यांचा पट्टा, आणि सर्वांत जोराची ओढ ३५ च्या आसपास. वेग मोजणाऱ्या उघड्या इंद्रियांचा हाच टापू.

या प्रयोगातलं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते मात्र वेगळंच. नदीतल्या माशालाही न्यूरोमास्ट आहेत. दांडा हललेला त्यालाही जाणवू शकतो. तरी तो जात नाही. तेव्हा भांड्यात मोजलं जातंय ते निव्वळ इंद्रियाचं सामर्थ्य नव्हे. इंद्रियाने दिलेली बातमी कळल्यावर जीव कुठल्या बाजूला कलतो, ते मोजलं जातंय. कारखान्यात नवा मुलगा पहिल्यांदा पंपहाऊसमध्ये येतो तेव्हा पायाखालची जमीन थरथरते हे त्याला कळतंच. तो दाराकडे सरकतो. त्याच थरथरीने जुने मिस्त्री पंपाकडे चालू लागतात आणि स्क्रू-ड्रायव्हरचं टोक बेअरिंगला लावून मूठ कानाशी धरतात. जाणीव दोघांची एकच. फरक पडतो तो पावलांत.

नदीत पाणी थरथरलं तर ते कशामुळे, याचा भरवसा नाही. मोठा मासा असेल, वरून झेपावलेला पक्षी असेल. अशा ठिकाणी प्रत्येक हालचालीकडे धावणारा मासा फार दिवस जगायचा नाही. शिवाय वाहत्या पाण्याचा स्वतःचाच गलबला इतका, की उघड्यावरच्या नाजूक इंद्रियांना त्यात वेगळं काही ऐकू येणं अवघड. गुहेत या दोन्ही गोष्टी बदलतात. डबक्यातलं पाणी वर्षातला बराच काळ स्थिर असतं. या माशांना खाणारा मोठा शिकारी आत नसतो. अन्न मात्र फार थोडं: वटवाघळांची विष्ठा, पुराबरोबर आलेला पालापाचोळा, एखादा किडा, बारीक कवचधारी जीव. स्थिर पाण्यात काही पडलं किंवा काही वळवळलं, तर ते खाण्याजोगं असण्याची शक्यता मोठी, धोक्याची अगदीच छोटी. बाहेर ज्याच्यापासून दूर राहण्यात शहाणपण होतं, आत त्याच्याकडे जाण्यातच पोट भरतं.

भीती हा स्वभावाचा भाग आहे, तो रक्तात असतो, असं आपण धरून चालतो. असेलही. पण इथे तीच भीती त्याच रक्तातून उतरून गेलेली दिसते, कारण ती बाळगण्याचं कारण उरलं नाही. मला यात मोठा दिलासा वाटतो.

योशिझावांनी फायद्याचीही परीक्षा घेतली. अंधारात, मोजकं भक्ष्य टाकून, मासे एकमेकांसमोर ठेवले. कंपाकडे वळणाऱ्यांनी जास्त भक्ष्य मिळवलं. नदीतल्या माशांतही काही थोडे दांड्याकडे वळणारे निघतात, आणि ही बारीकशी नोंद मला फार मोलाची वाटते. जे पहिले मासे पाण्याबरोबर गुहेत ओढले गेले, त्यांच्यातही असे दोन-चार असतील. बाहेर ज्यांचं वागणं अंगाशी आलं असतं, ते अंधारात पोसले गेले.

मोजणाऱ्याच्या शिस्तीविषयीही बोललं पाहिजे, कारण अशा प्रयोगांच्या बातम्या येतात तेव्हा तिचा उल्लेख नसतो. मासा भांड्यात ठेवून लगेच दांडा हलवला तर काहीच कळत नाही. नव्या पाण्यातला मासा घाबरलेला असतो, भिंती चाचपत असतो. म्हणून त्याला आधी ४ दिवस त्याच भांड्यात राहू देतात. दांडा फक्त पाण्यात असणं आणि दांडा थरथरणं यांतला फरक दाखवावा लागतो, नाहीतर नव्या वस्तूच्या कुतूहलाची मोजणी कंपाच्या नावावर जमा होईल. टेबलाला बाहेरून हादरा लागता कामा नये. मत्स्यपेटीतले हवेचे छोटे पंप आपल्याकडच्या विजेवर सेकंदाला ५० वेळा थरथरतात, म्हणजे याच माशाच्या पट्ट्याच्या काठावर. असा एखादा पंप त्याच फळीवर चालू राहिला, तर मासा कुणाचं ऐकतोय हे सांगता येणार नाही. स्वतः निर्माण केलेला कंप आणि आसपासचा कंप वेगळा काढण्यात आमच्याही अर्ध्या पाळ्या जायच्या. शेजारची मोटार बंद करा, मग आकडा घ्या. मोजणीतला प्रामाणिकपणा बहुतेक वेळा अशा कंटाळवाण्या कामांत असतो.

माशाच्या स्वतःच्या हालचालीचा कंपही असतोच. शेपटी हलवली की त्याचंच पाणी त्याच्याच इंद्रियांवर आदळतं. यावर उपाय म्हणून माशांचा मेंदू पोहताना पार्श्वरेखेला थोडं दाबून ठेवणारा संदेश पाठवतो. गुहेतल्या माशांत हा दाब कमी झालेला आढळला आहे. पोहतानाही ते जास्त ऐकत राहतात. शोभेच्या माशांच्या दुकानांत आपल्याकडेही हा मासा मिळतो, आणि त्याचं पोहणं पाहण्यासारखं असतं. शेपटीचा एक फटका, मग अंग सरळ ठेवून लांब घसरत जाणं, मग पुन्हा फटका. घसरताना त्याच्याभोवती पाण्याचा एक ठरावीक प्रवाह असतो. समोर भिंत किंवा दगड आला की तो प्रवाह दबतो, आणि अंगावरच्या इंद्रियांना तो बदल कळतो. १९८० च्या दशकात जर्मनीतल्या संशोधकांनी दाखवलं की हे मासे अशा घसरण्यातून जाळीच्या गजांमधल्या अंतरातला बारीक फरकसुद्धा ओळखतात. नव्या जागेत टाकले की ते जोरात पोहतात, जागा ओळखीची झाली की वेग उतरतो, मांडणी बदलली की पुन्हा वाढतो.

आता डोळ्यांकडे येतो. त्यांच्याविषयी आधी न बोलण्याचं कारण आहे. डोळे गेले म्हणून बिचाऱ्याने दुसरी सोय केली, अशी ही गोष्ट सांगण्याची सवय पडली आहे, आणि ती मला अपुरी वाटते. डार्विनने १८५९ च्या ग्रंथात गुहेतल्या प्राण्यांचे डोळे गेल्याचं कारण केवळ न-वापर असं दिलं होतं. पण गुहेतल्या या माशाच्या गर्भात डोळा तयार व्हायला सुरुवात होते. भिंग बनतं, मग त्यातल्या पेशी मरू लागतात आणि हळूहळू सगळा डोळा खचतो, त्वचेखाली बुजतो. योशियुकी यामामोतो आणि जेफरी यांनी २००० साली नदीतल्या माशाच्या गर्भातलं भिंग काढून गुहेतल्या माशाच्या गर्भात एका बाजूला बसवलं. त्या बाजूला डोळा वाढला. म्हणजे डोळा बांधण्याची कृती अंगात शिल्लक होती, ती मध्येच थांबवली जात होती. पुढे २००८ साली रिचर्ड बोरोव्स्की यांनी वेगवेगळ्या गुहांमधल्या आंधळ्या माशांचा संकर केला. त्यांची काही पिल्लं पाहू शकत होती. एका गुहेत जे बिघडलं होतं ते दुसरीत शाबूत होतं.

आणि डोळा सांभाळणं महाग असतं. २०१५ साली केलेल्या एका मोजणीनुसार एक ग्रॅम वजनाच्या लहान माशात डोळे आणि मेंदूतला पाहण्याचा भाग मिळून विश्रांतीतल्या ऊर्जाखर्चाचा सुमारे १५ टक्के वाटा घेतात. अन्न इतकं दुर्मीळ असताना हा खर्च अंधारात कोण करील?

यात कंपाचा धागा येतो तो २०१२ साली. योशिझावा आणि सहकाऱ्यांनी नदीतला आणि गुहेतला मासा यांच्या संकराची दुसरी पिढी तपासली. तिच्यात डोळ्याचा आकार, डोळ्याच्या खोबणीवर पसरलेले न्यूरोमास्ट आणि दांड्याकडे वळणं या तिन्ही गोष्टींचे जनुकीय दुवे एकमेकांच्या शेजारी पडलेले आढळले. जिथे डोळा असायचा, नेमकी तिथली इंद्रियं या वळण्यासाठी महत्त्वाची. तीच निकामी केली की दांड्याकडच्या फेऱ्या घटतात. म्हणजे कंपाकडे वळणाऱ्यांची निवड होत गेली आणि तिने डोळे लहान होण्याला हात दिला, असं मानायला जागा आहे. या मांडणीत माशाने डोळे फक्त गमावले असं राहत नाही. खोबणीची जागा तो दुसऱ्या कामाला वापरतो.

या सजगतेची किंमतही आहे. पाचोन नावाच्या गुहेतला मासा नदीतल्या भावंडापेक्षा फार कमी झोपतो. त्याची पार्श्वरेखा निकामी केली तर तो जास्त झोपू लागतो. सगळं अंग सतत कानोसा घेत असेल तर झोप लागावी कशी?

आपल्या देशातही गुहेतले मासे आहेत. मेघालयात जगातला सर्वांत मोठा गुहावासी मासा सापडला, ४० सेंटिमीटरांहून लांब. केरळात जांभ्या दगडातल्या विहिरींतून बोटभर आंधळे मासे कधीकधी बादलीत येतात. पण माझं मन अडकतं ते बस्तरमधल्या कुटुमसर गुहेतल्या माशाकडे. जगदलपूरजवळ कांगेर घाटीच्या राष्ट्रीय उद्यानात ही चुनखडीची गुहा आहे, पावसाळ्यात ती बंद असते. तिथला मासा म्हणजे तळाशी राहणारा लहानसा लोच. डोळे कुणाचे जास्त खुरटलेले, कुणाचे कमी, अंग फिकट. तो ज्या जातीत धरला जातो, त्या इंडोरिओनेक्टिस इव्हेझार्डीचं वर्णन फ्रान्सिस डे यांनी १८७२ साली पुण्यातल्या माशांवरून केलं होतं. रायपूरच्या विद्यापीठातल्या अभ्यासकांनी कुटुमसरच्या माशाच्या दिनचक्रावर वर्षानुवर्षं काम केलं आहे. दिवस-रात्र नसलेल्या जागी त्याच्या अंगातलं घड्याळ कसं चालतं, हा त्यांचा प्रश्न.

त्या माशासमोर हा दांडा धरावा असं मला फार वाटतं. जोडही तयार आहे: आत बस्तरचा, बाहेर आपल्या ओढ्यांतला. अलीकडे सह्याद्रीतल्या या लोचांच्या आणखी जाती वेगळ्या काढल्या गेल्या आहेत, तेव्हा आधी कुटुमसरच्या माशाचं सर्वांत जवळचं नातं कुणाशी हे नक्की करून घ्यावं लागेल. मेक्सिकोची मांडणी उचलून तशीच्या तशी चालणार नाही. तो मासा पाण्यात मधोमध पोहतो, लोच तळाला टेकून असतो; वरून अर्धा सेंटिमीटर बुडवलेला दांडा त्याला कितीसा कळणार? दांडा खाली न्यावा लागेल, किंवा भांड्याचा तळच एका जागी थरथरवावा लागेल, आणि तसं केलं तर कंप तळातून गेला की पाण्यातून, हे वेगळं काढावं लागेल. वारंवारता ३५ धरूनही सुरुवात करू नये. आधी गुहेतल्या डबक्यात संवेदक सोडून पाहावं, तिथे छतावरून काय पडतं, तळाशी काय सरपटतं आणि ते सेकंदाला किती वेळा पाणी हलवतं. दांडा त्या आकड्यावर लावावा.